वैशाखऱ्याच्या मोटारीची थरथर

नव्या कुठल्याही गाडीत बसले की मी आधी चपला काढते आणि तळपाय खाली टेकवते. जावईबापूंना वाटतं, सासूबाई त्यांच्या गाडीचा मान राखतात. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही. खरं म्हणजे गाडीचं दुखणं कानांच्या आधी तळपायांना कळतं, हे मी साठ सालाच्या आसपास मुरबाड-वैशाखरे रस्त्यावर शिकले, आणि तेव्हा माझी नोकरी आणि पोटातलं मूल, दोन्ही पणाला लागलेली होती.

माझं माहेर शहापूरजवळचं सापगाव, सासर मुरबाड. लग्नाआधी सातवीच्या फायनलची परीक्षा पास झाले होते, म्हणून वैशाखऱ्याच्या शाळेत हंगामी शिक्षिकेची जागा मिळाली. हंगामी म्हणजे वर्ष पुरं केलं तर कायम होण्याची आशा. मध्येच घरी बसलात तर दुसरी कुणीतरी तुमच्या खुर्चीवर. वैशाखऱ्याला राहायची सोय नव्हती, आणि असती तरी आमच्या घरातून एकट्या सुनेला परगावी ठेवायला कुणी तयार झालं नसतं. त्यामुळे रोज मोटारीनं जाऊन-येऊन करायचं, एवढाच मार्ग उरला.

मोटार एकच होती. मुरबाडच्या एका मालकानं लढाईत वापरलेल्या जुन्या ट्रकवर सुताराकडून लाकडी सांगाडा चढवून घेतला होता, वर पत्र्याचं टप, खिडक्यांना लाकडी झडपा. ती मुरबाडहून सकाळी वैशाखऱ्याला जायची, दुपारी परत येऊन सापगाववरून शहापूर गाठायची, आणि संध्याकाळी पुन्हा आमच्या वाटेला लागायची. ड्रायव्हर पन्नाशीचे, उंच, करड्या मिशांचे. त्यांना सगळे मामा म्हणायचे आणि मामांचं गाडीवर स्वतःच्या लेकरापेक्षा जास्त लक्ष, असं त्यांची बायकोच सांगायची. क्लीनर त्यांच्याच वयाचा, अत्यंत अबोल माणूस होता.

आदल्या वर्षी चौथ्या महिन्यात माझं मूल गेलं होतं. ते माहेरी जाता-येता मोटारीत बसल्यानं गेलं की आणखी कशानं, हे देवालाच ठाऊक. पण पुन्हा दिवस राहिले तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावलं, की हादरे बसतील असं काही करायचं नाही. सासूबाई तिथंच उभ्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी निकाल दिला, की नोकरी सोडायची.

मी तोंडाची फटकळ. तेव्हाही होते, आजही आहे. मी म्हटलं, सोडणार नाही. आमचे हे कचेरीत लेखनिक होते आणि घरात भांडण लागलं की वर्तमानपत्र उचलायचे. त्या दिवशी त्यांनी तेही उचललं नाही, नुसते ओट्यावर जाऊन बसले. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, की संक्रांतीपर्यंत बघेन. तोवर गाडीचे हाल थांबले तर जा, नाहीतर संक्रांतीनंतर उंबरा ओलांडायचा नाही. त्यांना खात्री होती की ते काही थांबायचं नाही. खरं सांगायचं तर मलाही होती.

त्या वेळी ती मोटार म्हणजे नुसता छळवाद झाला होता. वैशाखऱ्याला उतरलं की फळ्यावर अक्षर काढताना हात कापायचा. दात एकमेकांवर आपटून हिरड्या दुखायच्या. बायका उलट्या करायच्या, म्हातारे टेकडीवरून पायी जाणं पत्करायचे. मालक म्हणायचा, रस्ताच वाईट. क्लीनर म्हणायचा, जुनी झाली. सासूबाईंचं म्हणणं सगळ्यांत सरळ होतं. दसऱ्याला मामांनी गाडी नवरीसारखी रंगवली, तिला नजर लागली. तेव्हापासून काचेपुढं लिंबू-मिरची लटकत होती, ती थरथरून थरथरून गळून पडायची आणि क्लीनर दुसरी बांधायचा.

मीसुद्धा सगळ्याला मिळून हाल एवढंच म्हणत होते. त्याचे भाग पाडायला मला शिकवलं ते एका अंडीवालीनं, आणि तेही भांडून.

शनिवारी सकाळची शाळा असे. सुटल्यावर दुपारच्या गाडीत मुरबाडला माल घेऊन निघालेल्या बायका भेटायच्या. कुणाकडं काकड्या, कुणाकडं मधाच्या बाटल्या. त्यात घाटाच्या पायथ्याच्या पाड्यावरची एक अंडीवाली होती. काळी, काटक, माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठी. भाताच्या पेंढ्यात अंडी रचलेली टोपली मांडीवर घेऊन ती कायम एकाच जागी बसायची, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या बाकावर, आतल्या बाजूला. त्या शनिवारी मला फार मळमळत होतं. मी तिला जागा मागितली. मला दिवस गेलेत हेही सांगितलं, जे मी चारचौघांत कधी सांगत नसे.

ती हलली नाही. म्हणाली, "तुमचं पोट तुमी सांभाळताय, बाई. माझी अंडी कोण सांभाळणार?"

मी चिडले. शिक्षिकेला अंडीवाली उत्तर देते, याचाही राग त्यात होता, उगाच का लपवू. मी म्हटलं, अंडी फुटतात ती खड्ड्यांनी, बाक बदलून काय फरक पडणार आहे. त्यावर ती माझ्याकडं बघायला लागली, वर्गात मी ढ मुलाकडं बघते तशी.

"खड्ड्यात फुटायची ती दसऱ्याच्या आधी," ती म्हणाली. "आता सपाटीला फुटतात. आमराई सुटली की सुरू होतं, चढ लागला की थांबतं. मागं बसलं तर जास्ती फुटतात, इथं कमी. बसून बघा मागं."

रागारागात मी मागं जाऊन बसले. आणि चपला काढल्या, कारण मळमळलं की मला पाय मोकळे लागतात. आमराई मागं पडली, सपाट रस्ता आला, मामांनी गाडी जराशी पळवली, आणि तळपायांत ती आली. मुंग्या येतात ना, तशी. पण एका सुरात. खालून पोटऱ्यांत, पोटऱ्यांतून कमरेत, आणि मग माझा हात आपोआप पोटावर गेला. त्या वेळी रस्त्यात एकही खड्डा नव्हता. चढ लागला, गाडी मंदावली, आणि ती थरथर कुणीतरी हात लावून थांबवावी तशी थांबली.

मग कळलं, की हे तीन वेगळे त्रास आहेत. खडखड ही झडपांची, टपाची, क्लीनरच्या डब्याची. ती कानाला नकोशी, पण अंगाला काही करत नाही. दणका हा खड्ड्याचा. येतो आणि जातो. आणि तिसरी ही थरथर, जी दसऱ्याआधी नव्हती, सपाटीलाच येते, आणि मागं जास्त असते. आम्ही सगळे इतके दिवस खडखडीला शिव्या घालत होतो आणि रस्त्याला दोष देत होतो. खरी त्रास देणारी तिसरीच होती, आणि तिचा आवाज तर जवळजवळ नव्हताच.

त्या शनिवारी मला केवढा हुरूप आला. ज्याला सुरुवात आहे आणि शेवट आहे, ज्याची जागा ठरलेली आहे, ते दुखणं असतं, नशीब नव्हे, असं मी मनाशी म्हटलं. दुखण्याला औषध असतं. सोमवारपासून मी एक फुलपात्र पिशवीत ठेवायला लागले. ते पाण्यानं भरून कधी या बाकाखाली, कधी त्या बाकाखाली ठेवायचं आणि पाण्यावरच्या रेघा बघायच्या. माणसं हसायची. एकानं विचारलं, बाई, तीर्थ करताय का. मी म्हटलं, हो, तुम्हाला पाजणार आहे. पण हळूहळू बाकीच्याही बायका सांगायला लागल्या. मधवालीला माहीत होतं, कुठल्या खांबाला बाटली टेकवली की ती वाजते. काकडीवालीला माहीत होतं, की मधल्या बाकावर पोरगं झोपतं आणि शेवटच्यावर उठून रडतं. या बायकांना ती गाडी अंगानं पाठ होती. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

मामांना विचारायचं मात्र अवघड होतं. त्यांच्या गाडीला नाव ठेवणं म्हणजे त्यांच्या घराण्याला नाव ठेवण्यासारखं. मी एकदा सांगून पाहिलं, तर ते म्हणाले की बाईंनी पोरं शिकवावीत. मी गप्प बसले, आणि माझ्यासाठी ते फार होतं. पण मग एका संध्याकाळी वैशाखऱ्याला गाडी सुटायच्या आधी टपरीवर चहा घेताना मी त्यांचा हात बघितला. कप त्यांना एका हातानं धरता येत नव्हता. दोन्ही हातांनी धरून ते चहा पीत होते, आणि क्लीनर मुद्दाम त्यांच्यासमोर उभा राहिला होता, लोकांना दिसू नये म्हणून. सगळ्यांत जास्त वेळ ती थरथर कुणाच्या हातात असायची, याचा मी विचारच केला नव्हता.

माझा धाकटा भाऊ तेव्हा कल्याणच्या एका गॅरेजमध्ये कामाला होता. मी मामांजवळच निरोप दिला. शहापूरच्या फेरीत सापगावला गाडी थांबली की माझ्या वडिलांना सांगा, संक्रांतीला भावाला मुरबाडला धाडा. कशाला, हे मी सांगितलं नाही. गाडीची तक्रार गाडीनंच पोचवली.

भाऊ भोगीच्या आदल्या दिवशी सकाळीच आला. मी तिळगुळाचं विचारायच्या आधी त्याला गाडीत घातलं आणि मागच्या बाकावर बसवलं. तो गाणी गुणगुणणारा पोरगा. आमराई सुटली तसा गप्प झाला. मग उठून पुढं गेला आणि मामांना अगदी नम्रपणे म्हणाला, की मामा, पुढच्या सपाटीला गाडी जोरात असताना गिअरमधून काढून नुसती जाऊ द्याल का. मामांनी आरशातून माझ्याकडं एक नजर टाकली. मी खिडकीबाहेर बघायला लागले. पण त्यांनी काढली. इंजिन शांत झालं, गाडी आपल्या वेगानं घरंगळत राहिली, आणि थरथर तशीच. म्हणजे इंजिन निर्दोष. जे काही होतं ते चाकांबरोबर फिरणारं होतं.

गाडी फिरून परत मुरबाडला लागल्यावर भावानं मामांना विचारलं, दसऱ्याला गाडीचं काय काय उघडलं होतं.

ते आमच्याकडं कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. खंडेनवमीला कोयता, पहार, नांगर, सुताराची करवत, शिंप्याचं यंत्र, सगळं धुऊन पुसून मांडतात, हळद-कुंकू वाहतात. मामांना गाडी नुसती वरून धुवून पुजणं पटायचं नाही. देवापुढं बाहेरून चकचकीत आणि आतून चिखल, हे त्यांना खोटं वाटायचं. म्हणून ते आणि क्लीनर दर वर्षी खालचं जे जे सुटेल ते सोडवत, रॉकेलनं धूत आणि परत बसवत. त्या वर्षी मालकानं ऑइलपेंटचा डबा आणला होता. त्यांनी सगळं लाल रंगवलं. चाकांच्या आतल्या बाजू, दणके झेलणारे कमानपाटे, आणि इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जो लांब लोखंडी शाफ्ट फिरतो, तोसुद्धा.

भाऊ गाडीखाली सरकला आणि तिथूनच म्हणाला, मामा, चाकू आहे का.

 मामा पाठीमागं हात बांधून स्टँडवरच्या चिंचेखाली उभे होते. कल्याणचा पोरगा त्यांच्या गाडीचा रंग खरवडणार, हे त्यांना सहन होत नव्हतं, आणि मला ते समजत होतं. मी त्यांच्याजवळ गेले. मला गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, मामा, तुमचे हात मी बघितलेत. मला सांगू नका की तुम्हाला ही नको आहे.

 मग त्यांनी सदरा काढून फांदीला अडकवला, क्लीनरकडून चाकू घेतला आणि स्वतःच गाडीखाली गेले.

शाफ्टचे दोन तुकडे असतात, एकात एक सरकणारे. जोडताना ते एका ठरावीक रेषेत यावे लागतात, म्हणून दोन्ही तुकड्यांवर बाणाची एकेक खूण ठोकलेली असते. बाणासमोर बाण आला की जोड बरोबर. बाणांची चूक झाली तरी शाफ्ट बसतो, गाडी चालते, काही तुटत नाही. फक्त वेग घेतला की त्याच्या दोन टोकांचं एकमेकांशी जमत नाही आणि सगळी गाडी थरथरते. हे मला भावानं नंतर सांगितलं. त्या वेळी मी फक्त मामांचे पाय बघत होते. चाकूचा आवाज येत होता. एक बाण सापडला. मग दुसऱ्या तुकड्यावर रंग निघायला लागला, पण बाण काही समोर येईना. तो सापडला चांगला दोन बोटं बाजूला, रंगाच्या जाड थराखाली.

मामा बाहेर आले, पण उठले नाहीत. तिथंच मातीत बसले.

"देवापुढं चांगला दिसावा म्हणून रंगवला," ते म्हणाले, "न् वाकडा बसवला. माझ्याच हातानं."

भाऊ अजून गाडीखालीच होता. तो म्हणाला, मामा, आमच्या गॅरेजला गेल्या महिन्यात हेच झालं, तिथं तर रंगही नव्हता. ते खरं होतं की त्यानं तिथल्या तिथं रचलं, मी कधी विचारलं नाही. मामांनी त्याला हात देऊन बाहेर ओढलं, आणि दोघांनी मिळून शाफ्ट सोडवला.

मग उरलेला दिवस ती गाडी उघडीच राहिली. एकदा हात घातलाच आहे तर, असं म्हणत भावानं कमानपाट्यांच्या पट्ट्या सुट्या करून त्यांच्यामध्ये ग्रीस भरलं, कारण त्या एकमेकींना गंजून चिकटल्या होत्या आणि त्यामुळं दणके एवढे बसायचे. फुटक्या ट्यूबा कापून त्यांचे तुकडे लाकडी सांगाडा आणि खालच्या लोखंडाच्या मध्ये घातले, झडपांच्या कडांना ठोकले. क्लीनर, जो वर्षभरात दहा वाक्यं बोलायचा, तो त्या दिवशी सारखा सूचना देत होता. मी शाळेला खाडा केला होता आणि चिंचेखाली बसून सगळ्यांवर देखरेख करत होते, म्हणजे उगाच चुका काढत होते.

भोगीच्या दिवशी चाचणीची फेरी ठरली. मी निघाले तर सासूबाई पदर खोचून दारात. हातात काठोकाठ भरलेला तांब्या. म्हणाल्या, मी येते. त्या कधीच या गाडीत बसल्या नव्हत्या. त्यांचं माहेर मुरबाडातच. त्या सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या, जिथं सगळ्यांत वाईट असायचं, आणि तांब्या मांडीवर घेतला. मामा आरशातून त्या तांब्याकडंच बघत होते. न्यायाधीश बसलाय असं सगळ्या गाडीला वाटत होतं.

एका खड्ड्यात पाणी हिंदकळलं आणि त्यांच्या लुगड्यावर सांडलं.  त्यांनी लुगडं झटकलं आणि जाहीर केलं, की हे खड्ड्याचं, हे धरायचं नाय. मग आमराई आली. आमराई मागं पडली. मामांनी गाडी पळवली. मी तळपाय टेकवले होते. खाली काही नव्हतं. म्हणजे गाडीची नेहमीची गुरगुर होती, रस्त्याची खरखर होती, पण ती दुष्ट मुंगी नव्हती. सासूबाई तांब्यात वाकून बघत होत्या. बराच वेळ बघितल्यावर त्यांनी त्यातलं पाणी दोन घोट पिऊन टाकलं, तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "जा तुझ्या शाळेला."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. घरी आल्यावर त्या शेजारणीला सांगत होत्या, की मी म्हणतच होते, रंगवल्यानं झालं. आणि विचार केला तर त्या बरोबरच होत्या.

आता गोष्ट इथं संपायला हवी होती, पण आमचे लोक असे सरळ सुखी होणारे नव्हेत. पुढच्याच आठवड्यात तक्रारी सुरू झाल्या. रस्त्यालगतच्या पाड्यांवर कुणाकडं घड्याळ नव्हतं. मोटार खिंडीत शिरली की तिचा खडखडाट डोंगरभर ऐकू जायचा. तो ऐकून माणसं टोपली उचलायची, बायका पोरांची नाकं पुसायच्या आणि रस्त्यावर येऊन उभ्या राहायच्या. आता गाडी येऊन जायची तरी कुणाला पत्ता नसायचा. माणसं शेतातून हात हलवत पळत यायची आणि मामांना शिव्या द्यायची. एका म्हाताऱ्यानं तर गाडी अडवून विचारलं, की तुमी आता चोरासारखी का येता.

मामा पहिल्यांदा खूश झाले. त्यांच्या गाडीचा आवाज येत नाही ही तक्रार ते सगळ्यांना सांगत फिरले. मग बैलांच्या गळ्यातली पितळी घुंगरांची माळ कुठूनतरी मिळवून त्यांनी ती समोरच्या बंपरला बांधली. खिंडीतून गाडी निघाली की छुमछुम सुरू. भावाला कळलं तेव्हा तो म्हणाला, ताई, मी अख्खा दिवस मरून आवाज बंद केला, आणि तुम्ही विकत आणून परत लावला. मी म्हटलं, बाबा, आधीचा आवाज दुखण्याचा होता, हा हाकेचा आहे. त्याला ते पटलं की नाही कोण जाणे. मला पटलं होतं.

मी वार्षिक परीक्षेपर्यंत रोज गेले. शेवटी शेवटी पोट एवढं झालं होतं, की मामा मला चढताना बघून मुद्दाम दुसरीकडं मान फिरवायचे आणि क्लीनर पायरीखाली एक दगड ठेवायचा. अंडीवाली शनिवारी भेटायची. तिनं माझ्याशी बोलणं सुरू केलं होतं, अंडी किती फुटली हे सांगण्यापुरतं. बहुतेकदा एकही नसायचं. जागा मात्र ती सोडत नसे, आणि मीही पुन्हा मागितली नाही.

बाळंतपणाला मी सापगावला गेले. मुलगी झाली. धडधाकट, आणि पहिल्या श्वासापासून माझ्यासारखी भांडखोर. दूध उतरायला जरा उशीर झाला तर सापगावभर कळायचं. सव्वा महिना झाल्यावर आमचे हे मला न्यायला आले. कायम नेमणुकीची बातमी त्यांनी तिथंच दिली, आणि ती सांगताना त्यांच्या हातात वर्तमानपत्र नव्हतं.

सापगावच्या फाट्यावर आम्ही मोटारीची वाट बघत उभे होतो. मुलगी नुकतीच झोपली होती; तिला उठवायची माझ्यात हिंमत नव्हती. लांबून घुंगरं ऐकू आली, आणि मग एकाएकी बंद झाली. मला वाटलं, गाडी बिघडली. पण ती आली, अगदी हळू. मामांनी आमच्या फाट्याच्या अलीकडेच गाडी थांबवून डोक्याचा रुमाल सोडला होता आणि माळेला घट्ट गुंडाळला होता.

आत अंडीवाली तिच्या जागी बसलेली. शहापूरच्या बाजाराहून परतत होती, टोपलीत न खपलेली अंडी होती थोडी. मी बाजूच्या बाकाकडं वळले. ती उठली. टोपली तिनं काखोटीला मारली आणि बाक हातानं पुसला.

"बसा इथं," ती म्हणाली. "इथं अंडं फुटत नाय."

ती मागं जाऊन बसली. मी चपला काढून तळपाय टेकवले, आणि मुरबाड येईपर्यंत मुलगी हलली नाही.

मुरबाडला उतरलो तर न्यायला कुणीच नाही. सासूबाई भाकरीचा तुकडा ओवाळायला घेऊन उभ्या असतील असं वाटलं होतं. आम्ही चालत घरी गेलो. त्या पडवीत पाठमोऱ्या बसल्या होत्या, शेजारी ताटात भाकरी आणि पाण्याचा तोच तांब्या, कान रस्त्याकडं लावलेला. घुंगरांची वाट बघत होत्या. माझी चाहूल लागली तशा वळल्या. आधी माझ्याकडं बघितलं, मग झोपलेल्या मुलीकडं.

"गाडी कधी आली गो?" त्यांनी विचारलं. "मला ऐकूच नाय आली."

मग त्यांनी हात पुसले आणि मुलीला माझ्याकडून अलगद घेतलं.